डॉक्टरांना आईचे उपवास माहीत आहेत का?

पत्र:

माझी आई ६४ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून तासगावजवळच्या आमच्या गावी एकटी राहते, मी पुण्यात नोकरी करते. तिला १४ वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी ती सकाळ-संध्याकाळ घेते. दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, सगळं ती करते. मागच्या संकष्टीला तिनं रोजच्यासारखी सात वाजता गोळी घेतली आणि चंद्रोदयाची वाट बघत बसली. साडेआठला शेजारच्या काकू आल्या तेव्हा ती घामानं डबडबली होती, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. काकूंना वाटलं शुगर वाढली, म्हणून त्यांनी गोड काही दिलं नाही. त्यांच्या मुलानं मशीन आणून तपासलं तर ४६! मग साखरपाणी पाजलं, थोड्या वेळानं बरं वाटलं. तेव्हापासून आई उपवासाच्या दिवशी गोळीच घेत नाही. आता तपासण्या केल्या तर उपाशीपोटी ११८ आणि तीन महिन्यांची शुगर ८.४. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. म्हणजे तिची शुगर जास्त आहे की कमी? उपवास बंद कर म्हटलं की ती म्हणते, "चाळीस वर्षं करतेय, आता देवाला काय सांगू?" मी काय करू?

– एक लेक, पुणे

ताई,

शुगर जास्त आहे की कमी, याचं उत्तर 'दोन्ही' असं आहे आणि सगळी अडचण तिथंच आहे. पण पुढचं वाचण्याआधी एक काम करा. वाढवलेली गोळी सुरू होण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा की संकष्टीच्या रात्री शुगर ४६ पर्यंत उतरली होती, आई महिन्यातून इतके उपवास करतात आणि त्या दिवशी आता गोळी घेत नाहीत. तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं की यातलं काहीच त्यांच्या कानावर गेलेलं नाही. त्यांच्यासमोर कागदावर ८.४ होतं आणि त्या आकड्याला गोळी वाढवणं हे कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं येईल. तुमच्या आईंना मात्र तेच महागात पडू शकतं.

तीन महिन्यांची शुगर ही सरासरी असते. ८.४ म्हणजे साधारण १९४ची सरासरी. सरासरीत खड्डेही बुजतात आणि उंचवटेही. आईंच्या संकष्टीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहा आणि गोळी, मग बशीभर साबुदाण्याची खिचडी. त्यानंतर दीड-दोन तासांनी शुगर अडीचशेच्या पुढे गेली असेल तर मला नवल वाटणार नाही. दुपारी ताक, फार तर एक केळं. चार-पाच वाजल्यापासून उतार लागतो. सातला पुन्हा गोळी, पोट रिकामं, आणि साडेआठला ४६. आता गोळी बंद केल्यापासूनची संकष्टी बघा. चंद्र दिसल्यावर वरण-भात, भाजी, मोदक, आणि अंगात औषधाचा अंश नाही. मध्यरात्री शुगर तीनशेच्या घरात जाते आणि पहाटेपर्यंत हळूहळू खाली येते. प्रयोगशाळेत रक्त जातं ते सकाळचं, तेव्हा आकडा येतो ११८ आणि सगळ्यांना वाटतं उपाशीपोटीची शुगर छान आहे. हे मधले आकडे मी मोजलेले नाहीत, पण अशा दिवसाचा चढउतार साधारण याच वळणानं जातो. खात्री करून घ्यायची तर पुढचे पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी मशीनवर तपासून वहीत लिहा: जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. तपासण्याआधी हात धुवायला सांगा. बोटाला केळ्याचा किंवा गुळाचा चिकटपणा असेल तर आकडा खोटाच वर येतो.

आता त्या गोळीबद्दल. तिच्यात दोन औषधं आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकटं घेतलं तर ते शुगर सहसा धोक्याच्या पातळीला नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. समोर ताट आहे की नाही हे त्याला कळत नाही. जेवण आलं तर ते इन्सुलिन कामी येतं, नाही आलं तर रक्तात होती नव्हती ती साखरही उचलली जाते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही त्याच कुळातली औषधं. त्यातलं ग्लिबेनक्लामाइड जुनं आणि वयस्कर माणसांना सगळ्यात त्रासदायक, कारण त्याचा अंमल फार वेळ टिकतो. तुमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून ठेवा.

म्हणजे त्या रात्री उपवास आणि गोळी यांची गाठ पडली. गोळी रोजच्या साडेसातच्या जेवणाच्या हिशेबानं ठरलेली होती, जेवण दोन तासांनी पुढे गेलं आणि गोळी होती तिथंच राहिली. घरोघरी "उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही" असं बजावलं जातं, ते चांगल्या हेतूनंच. रक्तदाबाच्या गोळीला ते लागू आहे, ग्लिमेपिराइडला नाही. आणि आईंनी आता केलंय तसं सगळंच बंद करणं हाही उपाय नव्हे. त्यात मेटफॉर्मिनसुद्धा जातं आणि ८.४ हा आकडा काही अंशी त्याचीच खूण असू शकतो.

डोस मी इथून सांगणार नाही. मी आईंना तपासलेलं नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीऐवजी ती वेगवेगळी देता येतील का, म्हणजे उपवासाच्या दिवशी मेटफॉर्मिन चालू ठेवून ग्लिमेपिराइड कमी करता येईल किंवा वगळता येईल? संध्याकाळची गोळी ताट वाढल्यावरच घ्यायची, असं ठरवायचं का? आणि मुख्य म्हणजे, इतके उपवास करणाऱ्या ६४ वर्षांच्या बाईला ग्लिमेपिराइड हवंच का? ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या एकट्या किंवा मेटफॉर्मिनबरोबर घेतल्या तर शुगर एकदम खाली नेत नाहीत. पूर्वी त्या महाग होत्या. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, आणि आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही त्या परवडणाऱ्या दरात मिळतात. डॅपाग्लिफ्लोझिनही २०२० नंतर स्वस्त झालं आणि ते खूप लिहून दिलं जातं. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, बरोबर पाणीही जातं. ते चालू असताना निर्जळी एकादशी अजिबात नको. अंगातलं पाणी कमी होतं, आणि लांबलेल्या उपवासात रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. तेव्हा शुगरचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. १४ वर्षांच्या मधुमेहात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड शरीराबाहेर काढण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. मूत्रपिंड थकायला लागलं की तीच गोळी, तेवढीच, जास्त वेळ काम करत राहते आणि शुगर वरचेवर खाली जायला लागते. अशा वेळी घरात आनंद होतो, "आईची शुगर आपोआप कमी यायला लागली, आता गोळ्या सुटणार." तो आनंद तपासणीनंतरच करावा. रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन, या तीन गोष्टी या आठवड्यात करून घ्या.

शेजारच्या काकूंचं मनाला लावून घेऊ नका. शुगरच्या पेशंटला काही झालं की शुगर वाढली, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलेलं आहे की भलेभले थबकतात. म्हणून तुम्ही स्वतः गावी जाऊन काकू, त्यांचा मुलगा आणि आई या तिघांना एकत्र बसवून पुढचं सगळं समजावून सांगा.

घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, जीभ जड होणं, भलतंच बोलणं: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसात यातलं काही दिसलं की आधी गोड द्यायचं. मशीन हाताशी असेल तर तपासा, नसेल तर शोधत बसू नका. शंका असली तरी द्या. शुगर खरंच वाढलेली असेल तर तीन चमचे साखरेनं तासाभरापुरती आणखी थोडी वाढेल, एवढंच. पण ती खाली गेलेली असताना गोड दिलं नाही तर मेंदूला इजा होऊ शकते. ७०च्या खाली आकडा आला की ती कमी समजायची, ५४च्या खाली म्हणजे तातडीची वेळ. साधारण १५ ग्रॅम साखर लागते: तीन-चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, त्यांतल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. वर आली की लगेच पोटभरीचं काही: दूध-पोळी, दही-भात, उपवासच धरायचा असेल तर दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती फार कमी घरांत सांगितली जाते. आईंच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं तिसरं नाव असेल तर साधी साखर लवकर काम करणार नाही, कारण ती औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच मंद करतात. तेव्हा ग्लुकोज पावडरच हवी. तीन औषधांच्या एकत्र गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. म्हणून मी म्हणेन, सगळ्यांनीच ग्लुकोजचा डबा ठेवावा. एक देवघराशेजारी, एक उशाशी, एक पुडी बाहेर जायच्या पिशवीत.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. आणखी एक: ग्लिमेपिराइडनं उतरलेली शुगर गोड खाल्ल्यावर वर येते आणि काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्या रात्री आई बऱ्या झाल्यावर काकू घरी गेल्या असतील. पुन्हा असं झालं तर त्या रात्री कुणीतरी सोबतीला झोपायला हवं, झोपताना आणि पहाटे तीनच्या सुमाराला तपासायला हवं, आणि तरीही आकडा घसरत असेल तर दवाखान्यात भरती.

आता उपवास.

मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. दुसऱ्यानं येऊन सावरावं लागलं, बोलणं बिघडलं, याला आम्ही शुगर गंभीर प्रमाणात खाली जाणं म्हणतो. इंटरनॅशनल डायबिटीज फेडरेशननं रमजानच्या रोज्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन तयार केलं आहे. त्याच्या २०१६च्या आवृत्तीत गेल्या तीन महिन्यांत असं झालेल्या माणसाला सर्वांत जास्त धोक्याच्या गटात धरलं होतं आणि रोजे करू नयेत असं सुचवलं होतं. संकष्टीचा उपवास रोज्यासारखा नाही, पाणी चालतं, फराळ चालतो, पण चंद्रोदयापर्यंत जेवण थांबवणं आणि मग एकदम भरपूर जेवणं यात साम्य आहे. म्हणून येती संकष्टी आईंनी करू नये. गोळ्यांची नवी मांडणी ठरेपर्यंत, आणि वहीत दोन-तीन महिने ७०च्या खालचा एकही आकडा न येता जात नाहीत, तोवर चंद्रोदयाचा उपवास थांबवावा. एकादशीला दिवसभर फराळ चालतो, ती डॉक्टरांच्या होकारानं सुरू ठेवता येईल. पुढे संकष्टी पुन्हा सुरू करता येईल का, हे मूत्रपिंडाचे अहवाल आणि वही बघून ठरेल. होऊ शकेल, असं मला वाटतं.

त्याच मार्गदर्शनातला एक नियम मला आपल्या घरांतही रुजावासा वाटतो. शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली की रोजा तिथंच सोडायचा, मग सूर्यास्ताला दहा मिनिटं उरलेली असली तरी. हा करार आईंशी आधीच, शांतपणे करायला हवा. शुगर उतरली की माणसाला नीट विचार करता येत नाही, "मला काही झालेलं नाही, चंद्र उगवू दे" असं तो ठामपणे सांगतो आणि सांगणारा आवाज आजाराचा असतो.

आईंना हे कसं सांगावं? "उपवास बंद" हे वाक्य वापरू नका. चाळीस वर्षांचं व्रत करणाऱ्या बाईला ते आपल्या आयुष्यावर काट मारल्यासारखं लागतं. आपल्या परंपरेनंच व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यात पाणी, कंदमुळं, फळं, दूध आहे, आणि औषधही आहे. शुगर उतरल्यावर घेतलेलं साखरपाणी हे औषधच आहे. आईंना हे गावातल्या गुरुजींच्या तोंडून ऐकायला मिळालं तर जास्त पटेल, तुमच्या किंवा माझ्यापेक्षा. गुरुजींना आधी भेटून सगळी हकीकत सांगा. आजारी माणसाला व्रतात सवलत असते हे त्यांना नव्यानं सांगावं लागणार नाही.

आणि फराळाचं ताट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट आणि प्रथिनं नावाला. खिचडीत वर बटाटा पडतो. ज्वारीच्या एका भाकरीपेक्षा बशीभर खिचडी शुगर जास्त वाढवते, आणि "मी तर आज काही जेवलेच नाही" अशी समजूत वर. भगरीचं प्रमाण आवरलं आणि बरोबर दाण्याची घट्ट आमटी घेतली तर ते बरं. त्याहून बरा राजगिरा, त्यात प्रथिनं चांगली असतात. लाडू मात्र नको, भाकरी किंवा थालीपीठ करा. दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही, ताक, मूठभर दाणे हे मोकळ्या मनानं घ्यावं. रताळं चालेल, लहान, उकडलेलं, तुपा-गुळात घोळवलेलं नव्हे. गूळ साखरेइतकाच शुगर वाढवतो. सकाळी एकदाच भरपूर खाऊन दिवसभर कोरडं राहण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी थोडं घ्यावं. मोदक? एक घ्यावा, आणि त्या ताटातला भात त्या हिशेबानं कमी करावा. भगर सुट्टी, जुनी, ओलसर घेऊ नका. सणासुदीला भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात, आणि उलट्या होत असताना शुगरच्या गोळ्या सांभाळणं फार अवघड होऊन बसतं.

दिवसातून दोनदाच जेवा, हा विचार महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे. आईंच्या कानावरही तो आला असेल. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना तो प्रयोग डॉक्टरांना न विचारता करणं म्हणजे रोजच संकष्टी. विचारून, गोळ्या आधी कमी करून केला तर गोष्ट वेगळी.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन जा, खरंच. पुढच्या चार महिन्यांतल्या एकादश्या, संकष्ट्या, सोमवार, नवरात्र यांवर खुणा करून त्यांच्या टेबलावर ठेवा, शेजारी शुगरची वही ठेवा. उपवासाच्या दिवसाच्या गोळ्या वेगळ्या कागदावर लिहून मागा आणि तो कागद आईंच्या गोळ्यांच्या डब्याला चिकटवा. तीन महिन्यांच्या शुगरचं उद्दिष्ट आईंसाठी किती ठेवायचं हेही विचारा. सातच्या आत आणण्याचा हट्ट सगळ्यांसाठी योग्य नसतो. वय झालेल्या, शुगर अचानक खाली जाणाऱ्या माणसासाठी साडेसात ते आठ हे पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं. आईंना रक्त कमी असण्याचा त्रास असेल तर तेही सांगा, लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी गोळी असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, फक्त घाम राहतो, म्हणून काकूंना घामाकडे लक्ष ठेवायला सांगा.

क्रिएटिनिन आणि लघवीचा अहवाल आला की मला पुन्हा लिहा, गोळ्यांच्या पाकिटामागची नावं सगळी उतरवून. ती बघितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.